परमुलुखातील सहा महिने

सरकारी नेमणूक आणि ती घेणाऱ्याचे वसतिस्थान ह्यांचा संबंध आपल्या इतिहासात नवा नाही. 1818 साली दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हा त्यांस सालीना आठ लाख रुपये ठरले; अट ही की त्यांनी दक्षिण देश कायमचा सोडावा. गंगाकाठी ब्रह्मावर्तास त्यांनी उरलेले आयुष्य काढले. 1851 साली ते वारले आणि त्यांच्याबरोबर नेमणूकही सरली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी 1853 साली अजीमुल्लाखानास विलायतेस धाडले, परंतु दाद लागली नाही. ही नेमणूक म्हणजे स्वदेशापासून दूर राहण्याची किंमत होती.

आमच्या मराठवाड्यात ह्याच्या नेमका उलटा प्रकार घडला. स्वदेश सोडून परमुलुखात काही महिने काढले, एवढ्यासाठी तीन तपांनंतर सरकारने माणसांस मानाचे निवृत्तिवेतन दिले. त्या प्रकरणाचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

परमुलुख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे समुद्रापलीकडील देश येईल. नांदेडकरांचा परमुलुख पैनगंगेच्या पैलतीरी होता. अलीकडे हदगाव निजामाचे, पलीकडे उमरखेड वऱ्हाडातले. लातूरकरांचा परमुलुख बार्शीस लागे. 1911 सालापासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरच्या व्यापाऱ्यांस तेथे पोहोचवीत असे. अंतर थोडे, पण राज्य निराळे. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये द्यावे तेव्हा सहा कलदार पदरी पडत. इकडे टपाल निराळे, करोडगिरीचा नाका निराळा, कारभाराची भाषा उर्दू आणि सन फसली. भाषा, देव, सोयरसंबंध मात्र दोन्हीकडे एकच. ज्या गावी लेक दिली तेच गाव परराज्यात, अशी ही स्थिती होती.

ह्या सीमेचा आश्रय घेण्याची रीत 1948 च्या आधीची आहे. 1938 साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांस काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांस आसरा दिला. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. पुढे 15 ऑगस्ट 1947 रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला, त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा तुरुंगात गेले. 29 नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम ह्यांचा जैसे थे करार झाला. पण खेड्यापाड्यांत काहीच जैसे थे राहिले नाही. लातुरास वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे जाळण्यास आरंभ केला. कित्येक कुटुंबे बार्शी, सोलापूर आणि वऱ्हाडाकडे निघून गेली, आणि तरुणांनी सीमेलगत छावण्या घातल्या. तेथून रात्री निघून नाके मोडावे, तारा तोडाव्या, लढून पुन्हा हद्दीपार व्हावे, असा क्रम चालला. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची स्टेट बँक लुटून सुमारे वीस लाख रुपये चळवळीसाठी नेले, ते ह्याच लोकांनी. त्याच संध्याकाळी दिल्लीस महात्माजींचा खून झाला. सप्टेंबरच्या 13 तारखेस हिंदी फौज आत शिरली, 17 तारखेस निजाम शरण आला, आणि छावण्यांतील माणसे घरोघर परतली. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेव्हा सीमेची रेघही पुसली गेली.

येथून प्रश्नाची खरी गुंतागुंत सुरू होते. 15 ऑगस्ट 1972 रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केले. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांस, म्हणजे खरोखर देशाबाहेर लढलेल्यांसही, त्यात स्थान होते. वेतन दरमहा दोनशे रुपये, आणि वार्षिक उत्पन्न पाच हजारांच्या आत असेल त्यासच. 1980 साली उत्पन्नाची अट गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. हा फरक लहान नव्हे. आधी जे साहाय्य होते, ते आता मान झाले. सामान्य अट सहा महिन्यांच्या कारावासाची किंवा तितक्याच भूमिगत जीवनाची. पण छावणीतला मनुष्य ह्यांपैकी कशात बसावा? तो पकडला गेला नाही, म्हणून तुरुंगाचा दाखला नाही. तो परराज्यात उघड वावरत होता, म्हणून रूढ अर्थाने भूमिगतही नव्हे. 1985 साली सरकारने सीमेवरील छावण्यांस मान्यता दिली, तेव्हा त्याची वाट मोकळी झाली.

वाट मोकळी झाली, पण पुरावा कोठून आणावा? रात्रीच्या हल्ल्यास जाणारा मनुष्य हजेरीपटावर सही करून निघत नाही. ज्यांच्यावर वॉरंटे निघाली त्यांचे कागद उर्दूत. तारखा फसली सनाच्या, ज्यांत 590 मिळवावे तेव्हा इसवी सन निघे. आणि हैदराबादच्या मध्यवर्ती कचेऱ्यांची दप्तरे 1956 नंतर दुसऱ्या राज्यात राहिलेली. मग उपाय उरला तो सहकाऱ्याच्या दाखल्याचा. ज्याने स्वतः दीर्घ कारावास भोगला त्याने लिहून द्यावे की, हा मनुष्य अमुक छावणीत होता. येणेप्रमाणे राष्ट्राची स्मृती थोड्या वृद्ध गृहस्थांच्या सहीवर येऊन ठेपली.

ती सही नेहमीच शुद्ध राहिली नाही, हे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचा बोभाटा झाला. निवृत्त न्यायमूर्ती पालकर ह्यांच्या आयोगाकडे चौकशी गेली, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या कपटाची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. उलटपक्षी त्याच न्यायालयाने 1993 साली सांगितले की, अर्ज उशिरा आला एवढ्यावरून सैनिकास विन्मुख पाठवू नये. आणि 2001 साली सांगितले की, फौजदारी खटल्यास लागतो तसला काटेकोर पुरावा त्याजकडे मागू नये. ही दोन्ही वचने आम्हांस परस्परविरोधी वाटत नाहीत. पहिल्याने खऱ्याचा मान राखला आणि दुसऱ्यांनी खऱ्याचा मार्ग सुकर केला. खोटा अर्जदार सरकारचे रुपये नेतो ही हानी लहान. तो खऱ्याच्या शब्दाची किंमत उतरवितो, ही मोठी.

ह्यापेक्षाही एक खोल उणीव आहे. जो नदी ओलांडून गेला त्याची नोंद झाली. जे अलीकडे राहिले त्यांची झाली नाही. मुलगा छावणीत आहे ह्या कारणाने ज्या बापाने मार खाल्ला, ज्या बाईने अंधारात भाकऱ्या बांधून दिल्या, ज्या नावाड्याने पुराच्या पाण्यात होडी घातली, त्यांस कोणत्या रकान्यात बसवावे? स्त्रियांना आणि अनुसूचित जातिजमातींच्या सैनिकांना कारावासाची मुदत तीन महिन्यांवर आणली, हे योग्यच झाले. तथापि तुरुंग आणि छावणी ह्यांबाहेरच्या देशसेवेला मोजमाप सापडले नाही. कदाचित ते सापडण्याजोगेही नसेल. घरी परतून नांगर हाती धरलेल्या आणि देशकार्याचे पैसे कसले घ्यावयाचे, असे म्हणून अर्जच न केलेल्या माणसांचे नावही त्या याद्यांत नाही.

तरीही ह्या अर्जांस आम्ही केवळ कचेरीतील रद्दी समजत नाही. कोणत्या रात्री गाव सोडले, कोणाबरोबर, नदी कोठे उतरलो, छावणीत काय खाल्ले, हे सामान्य शेतकऱ्याने आपल्या तोंडाने सांगितले आणि कोणीतरी लिहून घेतले, असे प्रसंग आपल्या इतिहासात किती आहेत? पुढाऱ्यांनी आत्मचरित्रे लिहिली. ह्यांनी अर्ज लिहिले. त्यांत अतिशयोक्ती असेल, काही ठिकाणी असत्यही असेल. पण बखरींतही ते असते, म्हणून आपण बखरी जाळीत नाही, पारखून वाचतो. स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ 1994 पासून नांदेडास उभे आहे. तेथील अभ्यासकांनी तालुक्या-तालुक्यांतून ही दप्तरे गोळा करावी, एका गावचे चार अर्ज शेजारी ठेवून ताडावे, उर्दू कागद वाचणारे तयार करावे, अशी आमची सूचना आहे.

घाई करण्यास कारण आहे. 1948 साली जो वीस वर्षांचा होता, तो आज नव्वदी केव्हाच ओलांडून गेला. बाजीरावांची नेमणूक त्यांच्याबरोबर संपली, आणि मागे तंटा राहिला. ह्या सैनिकांचे वेतनही त्यांच्याबरोबर संपत आहे. मागे त्यांची साक्ष ठेवावयाची की नुसत्या बांधलेल्या फायली, हे आता आपल्या हाती आहे.