घोटाळेबाजाला फाशी द्यावी काय? देहदंड, धम्म आणि आपल्या जिल्ह्याचा अनुभव

श्रीगोंदा तालुक्यात 'फाशी' हा शब्द आम्ही दोन प्रसंगी हमखास ऐकतो. आसपासच्या एखाद्या गावात अमानुष गुन्हा घडतो तेव्हा, आणि एखाद्या पतसंस्थेला टाळे लागते तेव्हा. उसाचे बिल, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, निवृत्तीची रक्कम बुडाली की माणूस म्हणतो, "यांना भर चौकात लटकवा." त्याचा संताप खोटा नाही. पण आंबेडकरी तरुणही हीच घोषणा देऊ लागले आहेत, म्हणून काही माहिती समोर ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. देहदंड नको. ठेवी बुडवणाऱ्यालाही नको आणि आपल्यावर अत्याचार करणाऱ्यालाही नको. यातला शेवटचा भाग पचायला सर्वात जड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

एकाच आठवड्यातले दोन निकाल

आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. गुन्हा इतका क्रूर होता की त्याबद्दल कोणतीही सारवासारव होऊ शकत नाही. 29 नोव्हेंबर 2017 रोजी नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. तिघेही दलित समाजातले होते. त्यातल्या एकाने सप्टेंबर 2023 मध्ये येरवडा कारागृहात आत्महत्या केली.

त्या निकालाच्या सहाच दिवस आधी, 23 नोव्हेंबर 2017 रोजी, याच जिल्ह्यातल्या खर्डा प्रकरणाचा निकाल लागला होता. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून आपल्या समाजातल्या 17 वर्षांच्या मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आले. साक्षीदार फितूर झाले आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले.

कोपर्डीच्या मुलीला मिळालेला न्याय कमी व्हावा, असे आमचे म्हणणे नाही. खर्ड्याच्या आईबापाला काय मिळाले, हा आमचा प्रश्न आहे. तिथे फाशीची तरतूद अपुरी पडली नव्हती. साक्षीदारांना उभे राहता येईल असे वातावरणच नव्हते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 26 जानेवारी 2016 पासून कलम 15-अ लागू आहे. पीडित, त्याचे नातेवाईक आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय हा या कलमाने त्यांचा हक्क आहे. मोर्चात आपण "फाशी द्या" म्हणून ओरडतो, पण तहसीलदाराला दिलेल्या निवेदनात कलम 15-अ चा उल्लेख किती वेळा असतो?

नेवासा तालुक्यातील सोनई हत्याकांडात (1 जानेवारी 2013) तीन मेहतर तरुण मारले गेले. नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, तेव्हा आपल्याकडेही समाधान व्यक्त झाले. पुढे 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला निर्दोष सोडले. खालच्या न्यायालयाने ज्याचा जीव घ्यायचे ठरवले होते, असा तो माणूस.

खैरलांजीची घोषणा

29 सप्टेंबर 2006 च्या खैरलांजी हत्याकांडानंतर आम्हीही रस्त्यावर होतो आणि आम्हीही फाशीच मागितली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. त्या आनंदात एक गोष्ट नजरेआड झाली. न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केलाच नाही. म्हणजे चार माणसे मारली गेली, पण ती जातीमुळे मारली गेली हे कागदावर आलेच नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची जन्मठेप केली आणि तेव्हाही जात बाहेरच राहिली. मागे वळून पाहताना वाटते, आपण दोराकडे पाहत राहिलो आणि मुख्य मुद्दा हातातून निसटला.

फासावर कोण चढते

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून 2016 मध्ये अहवाल काढला. त्यानुसार सुमारे 74 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. महाराष्ट्रातले निम्मे कैदी अनुसूचित जाती-जमातींचे होते. न्या. भगवती यांनी बच्चनसिंग खटल्यातील आपल्या 1982 च्या भिन्नमत निकालपत्रात हेच सांगितले होते, की फाशी ही प्रामुख्याने गरिबाच्या वाट्याला येते.

नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांची हत्या आणि बलात्कार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, पण त्या चौघांची चौकशीच झाली नाही. अखेर 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात गेली. शिक्षेची अंमलबजावणी वेळेवर झाली असती, तर हे 5 लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला यात नवल वाटणार नाही. दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीकडे वळते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशय रद्द झाला नाही.

बाबासाहेब काय म्हणाले

काही मित्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील सिंह सेनापतीचा प्रसंग पुढे करतात. अपराध्याला शिक्षा करणाऱ्या न्यायाधीशाला दोष लागत नाही, असे तिथे म्हटले आहे, ते खरेच आहे. बाबासाहेबांची अहिंसा आंधळी नव्हती. पण शिक्षा म्हणजे देहदंडच, असे त्यातून निघत नाही. देहदंडाबाबत त्यांचे मत संविधान सभेत नोंदलेले आहे. 3 जून 1949 रोजी फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपील असावे की नाही यावर चर्चा चालू होती. तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीच रद्द करणे त्यांना अधिक पसंत आहे, कारण हा देश अहिंसेला नैतिक आदर्श मानत आला आहे.

सम्राट अशोकाने फाशी बंद केली, असे आपल्या भाषणांत सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्याच्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे शिक्षा चालू होती. चुकीच्या आधारावर बाजू मांडली की ती पहिल्याच प्रश्नात कोसळते. आजच्या बौद्ध देशांतही एकमत नाही. भूतानने 2004 मध्ये फाशी रद्द केली, श्रीलंकेत 1976 पासून कोणाला फाशी दिलेली नाही, पण जपान आणि थायलंड अजून देतात.

खरा आधार दीघनिकायातल्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तात आहे, आणि विषय चोरीचाच आहे. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते आणि चोरी सुरू होते. राजा पहिल्या चोराला धन देऊन सोडतो, तर बक्षिसाच्या आशेने चोऱ्या वाढतात. मग तो चोराची धिंड काढून शिरच्छेद करवतो. ते पाहून लोक ठरवतात की आपणही धारदार शस्त्रे करू आणि ज्याला लुटू त्याचे डोके उडवू. म्हणजे साक्षीदारच नको. नुसती दया आणि नुसता दोर, दोन्ही फसलेले या सुत्तात दिसतात. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला वेगळी वाट सांगतो: शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या.

बुडालेल्या ठेवींचे काय?

भारतात आर्थिक गुन्ह्याला फाशी नाही. ठेवीदारांच्या संरक्षणाच्या महाराष्ट्र कायद्यात (1999, बोलीभाषेत एमपीआयडी) कमाल शिक्षा सहा वर्षांची आहे. ती कमी आहे, असे आम्हालाही वाटते. पण व्हिएतनामकडे पाहा. तिथे एका बड्या महिला उद्योजकाला बँक घोटाळ्यासाठी एप्रिल 2024 मध्ये मृत्युदंड झाला. कायद्यात मात्र सोय होती की अपहाराची तीन चतुर्थांश रक्कम परत केली तर जीव वाचू शकतो. ज्याने पैसा लपवून ठेवला त्याला वाटाघाटीची संधी, ज्याने उडवला तो संपला. अखेर त्याच देशाने 1 जुलै 2025 पासून अपहारासाठीचा मृत्युदंड रद्द केला. चीनने जानेवारी 2021 मध्ये लाचखोरीसाठी एका वित्त कंपनीच्या माजी प्रमुखाला देहदंड दिला, आणि भ्रष्टाचाराचे खटले त्यानंतरही तिथे चालूच आहेत.

ठेवीदाराच्या दृष्टीने मोठा घोटाळेबाज मेला तर काय होते? कोणाच्या नावावर जमीन केली, कोणत्या संचालकाने कोणते बोगस कर्ज मंजूर केले, हे सांगणारा माणूस जातो. बाकीचे संचालक सुटकेचा श्वास सोडतात.

आपल्या जिल्ह्यातल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून 5 लाखांपर्यंतची रक्कम मिळते. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे. पतसंस्थेला हा विमा नाही. हे गावातल्या कितीजणांना पैसे ठेवताना माहीत असते? बचत गटातल्या आपल्या आयाबहिणी जास्त व्याजाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून पैसे ठेवतात, आणि एजंट बहुधा ओळखीतलाच असतो.

पतसंस्था बुडाली तर पोलिसांत तक्रार करताना एमपीआयडीचे कलम लावण्याचा आग्रह धरावा, कारण नुसत्या फसवणुकीच्या कलमाने मालमत्ता हाती येत नाही. या कायद्यात शासन अधिसूचना काढून संचालकांची मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विक्री होऊन पैसे वाटले जातात. खरा वेळ अधिसूचना निघायला लागतो, आणि तेवढ्यात जमिनी नातेवाइकांच्या नावावर जातात. म्हणून ठेवीदारांनी एकत्र येऊन संचालकांचे सातबारा उतारे आणि फेरफार काढून तक्रारीसोबत जोडावेत. वकिलाची फी परवडत नसेल तर श्रीगोंद्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.