कापूस, आगगाडी आणि जिनमधल्या स्त्रिया : खानदेशची गोष्ट

१/
बोदवडचे रेल्वे स्थानक गावापासून काहीसे दूर, नाडगावाशेजारी आहे. पूर्वी त्याचे नावही नाडगावच होते. याच लोहमार्गाने येथील कापूस मुंबई बंदराशी जोडला. रूळ काही वर्षांत आले; त्या कापसावर राबणाऱ्या स्त्रियांपर्यंत कायदा पोहोचायला मात्र पाव शतक लागले. #थ्रेड

२/
प्रारंभ दूर अमेरिकेत झाला. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. व्यापाऱ्यांची नजर इजिप्त आणि पश्चिम भारताकडे वळली. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया ते कैरो आगगाडी १८५६ पासून धावत होती. खानदेशाची भिस्त बैलगाड्यांवर आणि लमाणांच्या तांड्यांवर होती.

३/
माल सह्याद्रीचे घाट उतरून मुंबईला जाई. वाटेत रुईत धूळ मिसळे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत, माल भिजे. त्यामुळे सारा व्यवहार कोरड्या महिन्यांतच उरकावा लागे.

४/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १८६५ साली खुला झाला; भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ साली पूर्ण झाला. दैव असे, की १८६५ सालीच अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. तेजी ओसरली, रूळ मात्र राहिले.

५/
पूर्वी सरकी हातचरकीवर काढली जाई. आता वाफेवरचे जिन आले आणि गाठी बांधणारे प्रेसही. सैल रुई डब्यात फार जागा अडवते. दाबलेल्या गाठी कितीतरी अधिक मावतात. साहजिकच लोहमार्गालगतच्या बाजारगावांत जिन-प्रेस उभे राहू लागले.

६/
यंत्रांत भांडवल अडकलेले, हंगाम मोजका आणि पावसापूर्वी माल हलवण्याची घाई. या तिन्ही अडचणींवर मालकांनी एकच उपाय शोधला : मजुराचा दिवस लांबवणे.

७/
१८८४-८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशच्या जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगामात काम पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत. गर्दीच्या महिन्यांत तर रात्रंदिवस, त्याच मजुरांकडून. मजूर बहुतांशी स्त्रिया. रोजची मजुरी तीन-चार आणे.

८/
कायदा नव्हता काय? होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. शंभरांहून कमी मजुरांचे आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कायद्याबाहेर होते. हंगामी जिनांना ही पळवाट सोयीची होती.

९/
सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

१०/
१८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले, साप्ताहिक सुट्टीही दिली. तरी चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडावे लागले.

११/
एखाद्या प्रदेशात उद्योगाची सोय किती, हे मोजताना रूळ, बंदरे आणि यंत्रे मोजली जातात. ‘स्वस्त मजूर’ हीही जमेची बाजू धरली जाते. खानदेशात त्या स्वस्ताईचा अर्थ होता पहाटे पाच ते रात्री दहा. नाडगावच्या फलाटावरून गेलेल्या गाठींचे वजन पावतीवर लिहिले जाई. ते तास कोणत्याच पावतीवर नव्हते.