सेविका घडते कशी?

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा आढावा येईलच. परंतु ज्या हातांनी हे कार्य होते ते हात तयार कसे होतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. सेवाभाव असला की काम आपोआप येते, अशी एक भोळी समजूत आहे. आपल्या प्रांताचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

हुडकेश्वरहून फार लांब जायला नको. बालवैधव्य वाट्याला आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साथीने नागपुरात मातृसेवा संघाचा पाया घातला. बाळंतपण ही अंधाऱ्या खोलीतली बाब मानली जाई, असा तो काळ. अशा वेळी दयाळू मनाइतकाच शिकलेला हातही हवा, हे त्यांनी ओळखले. पुढे १९५८ साली याच संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था नागपुरात उभारली. या शिक्षणात वर्गातील पाठांइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थिनी वस्तीत जाते, पाहिलेले व केलेले लिहून काढते आणि मग मार्गदर्शकांसमोर त्याची चर्चा करते. केले ते का केले, काय साधले, काय निसटले, हे तिला स्वतःलाच शोधावे लागते.

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातले, आजच्या पालघरमधले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी जन्मास आली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात भरली. आपल्या पद्धतीकडे उलटून पाहण्याची सवय शिक्षिकेला नसती, तर यातले काहीच घडले नसते. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

तिसरे उदाहरण जामखेडचे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरातील) या दुष्काळी भागात आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती, कित्येक दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, एकत्र जेवत, मुक्कामाला राहत. आपल्या गावात काय घडले ते प्रत्येकीने सांगायचे, इतरांनी त्यावर आपला अनुभव जोडायचा. डॉक्टरांचे ज्ञान या गप्पांत मिसळून जाई. गरोदर बाईने पोटभर खाऊ नये, ही समजूत व्याख्यान देऊन जात नाही. ज्या बाईने ती स्वतः पाळली, तीच चारचौघींत तिचा उलगडा करू लागली की जाते. याच कार्यासाठी १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या तीन कथांचे सार एकच. नुसते ऐकून सेविका घडत नाही आणि नुसते राबूनही घडत नाही. केलेल्या कामाकडे मागे वळून पाहावे, ते सख्यांपुढे मोकळेपणी मांडावे, त्यांचे ऐकावे आणि उद्याचे पाऊल बदलावे, तेव्हाच शिक्षण पुरे होते.

आता आपल्याकडे वळू या. शिबिर म्हटले की पाहुण्यांचे भाषण, हारतुरे व चहापान, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. बालवाडीची ताई, शिवणवर्गाची शिक्षिका, बचत गटाचा हिशेब ठेवणारी भगिनी मागच्या रांगेत बसून ऐकते आणि घरी जाते. वस्तीतली अडचण तिला ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही. अशी ताई एक दिवस कंटाळून काम सोडते आणि तिच्याबरोबर वस्तीची सारी ओळखही निघून जाते. हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

म्हणून येत्या वर्षी महिन्यातून एक दुपार केवळ कार्यकर्त्या भगिनींची असावी. व्यासपीठ नको, सतरंजी पुरे. सर्वांनी गोल बसावे आणि सर्वांत नवी असेल तिने प्रथम बोलावे. या कामी खर्च नाही, हवा फक्त धीर आणि ऐकण्याची तयारी. ती आपल्यात आहे, असा विश्वास वाटतो.