पडद्यावरची मोहिनी, पडद्यामागची कमला

१९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर येण्यास कोणी स्त्री सिद्ध नव्हती. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटासाठी मात्र मायलेकी पुढे आल्या. पतीपासून विभक्त होऊन नाटक कंपनीच्या आश्रयाने राहणाऱ्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम १३ वर्षांची कन्या कमला मोहिनी झाली.

मोहिनीने बलाढ्य भस्मासुराला नाचवता नाचवता भस्म केले. ती साकारणाऱ्या बालिकेला मात्र आईवाचून आधार नव्हता. अशा स्त्रियांकडे तत्कालीन समाज आदराने पाहत नसे. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले झाली. तरुणपणीच वैधव्य आले, तरी अभिनयाच्या मिळकतीवर त्यांनी ३ मुलगे वाढविले. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र, तर विक्रम गोखले नातू.

त्या काळी आपले बीदर व गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. महसूल खात्यात असताना तेव्हाचे अनेक कुर्सीनामे मी चाळले. त्यांत पुत्र, पौत्र, दत्तक सारे असत. लेकीचे नाव क्वचितच आढळे. आपल्या घरच्या वंशावळीही बहुधा तशाच आहेत. कमलाबाईंचे नाव चित्रपटामुळे उरले. आपल्याकडील तेवढ्याच वयाच्या किती मुली विवाह व वैधव्य सोसून निनावी गेल्या असतील! आजी-पणजीचे माहेरचे नाव ज्यांना अजून ठाऊक आहे, त्यांनी ते वंशावळीत लिहून ठेवावे, एवढीच विनंती.