इटियाडोह परिसरातले शोक आणि कॅमेरा

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. १९७०च्या सुमारास ते पूर्ण झालं, तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९७२ साली जवळच, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलपट्ट्यात तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत वसली. श्रद्धा आणि शोक या विषयावर माहितीपट करायला कुणी इथे आलं, तर कॅमेरा आधी त्या वसाहतीकडे वळेल, कारण प्रार्थनेच्या पताका, लोण्याचे दिवे आणि लाल वस्त्रांतले भिक्खू पडद्यावर लगेच उठून दिसतात. १९५९ नंतर मायभूमीला मुकलेल्या त्या माणसांचा शोक दाखवायलाच हवा. पण माझं म्हणणं असं, की वेगवेगळे समाज पडद्यावर आले म्हणजे प्रतिनिधित्व झालं असं होत नाही. शोकाची रीत कुठल्या इतिहासातून आली, हे कळलं तरच तो समाज खऱ्या अर्थानं दिसतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे इथे शेजारी शेजारी नांदणारे दोन बौद्ध समाज, तिबेटी आणि आंबेडकरी. डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे त्या धर्मांतरानं मरणाच्या दारातली रीतही बदलली. तेरवीच्या जागी त्रिशरण-पंचशील आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आला. पुरोहिताला नाकारण्याचा हक्क दुःखाच्या घडीलाही सोडायचा नाही, हा त्यामागचा निर्धार. तिबेटी परंपरेत मात्र मृताच्या पुढच्या प्रवासासाठी एकोणपन्नास दिवस प्रार्थना चालतात. बुद्ध दोघांचाही आहे, पण एकीकडे शतकांची परंपरा परक्या मुलखात जपायची धडपड आहे आणि दुसरीकडे लादलेली परंपरा टाकून दिल्याचा अभिमान. दोघांवर ‘बौद्ध’ अशी एकच पाटी लावणारा माहितीपट दोघांचंही काही सांगत नाही. गोंड समाजाचंही तेच. मेलेला माणूस पूर्वजांत, पेनांत (देवांत) मिसळतो ही त्यांची श्रद्धा. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला जमणारी गर्दी त्याच पेनांच्या ओढीनं येते. ती नुसती नाचगाण्याची दृश्यं म्हणून वापरली, तर त्या श्रद्धेचा गाभाच हरवतो. प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान हारूनींच्या नावाचा दर्गाही आहे. तिथली सरमिसळ कुठल्याच रकान्यात बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, तास-दीड तासात इतकं सगळं कसं मावणार? मावू नयेच. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चा (२०११) आरंभ घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या ११ जुलै १९९७च्या पोलीस गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून होतो. तो माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. सगळे धर्म त्यात नाहीत, तरी त्याला कुणी अपुरा म्हणणार नाही, कारण ज्यांचा शोक आहे त्यांची माणसं, गाणी आणि राजकारण त्यात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रत्येक समाजानं आपला माहितीपट आपणच करावा. हे व्हायलाच हवं, पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही. समाजाच्या आतही बोलायला पुढे येतात ते भिक्खू, पुढारी, भुमका (गोंड पुजारी), मुजावर. मयताच्या घरी हंबरडा फोडणाऱ्या बाईला श्रद्धेबद्दल कुणी विचारत नाही. कॅमेरा घरचा असला तरी हा दोष राहतोच.

म्हणून इटियाडोहला येणाऱ्या माहितीपटकारांना एवढीच विनंती: एकच घर निवडा, पण तिथे वर्षभर राहा, आणि पहिला प्रश्न त्या घरातल्या बाईला विचारा.