डीएनए जवळपास एक, तरी नावं दोन

१८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. दोनच वर्षांत ती साथ मुंबईत आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तिचं निदान केलं. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

या जंतूचं आजचं नाव येर्सिनिया पेस्टिस. त्याचा एक भाऊबंद आहे, येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस. तो प्लेगच्या जंतूच्याही आधी, १८८०च्या दशकात सापडला होता. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला 'थोरला' म्हणू. थोरला दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. ताप येतो, पोट दुखतं आणि बहुतेक माणसं बरी होतात. धाकटा पेस्टिस पिसवांमार्फत पसरतो. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर गाठीच्या प्लेगचे ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. इतका फरक असल्यावर प्रजाती दोन, हे उघडच वाटतं.

पण जिवाणूंमध्ये प्रजाती ठरवायची कशी? प्राण्यांसाठी आपण शाळेत शिकलेली व्याख्या असते: ज्यांच्या मीलनातून प्रजननक्षम पिल्लं होतात, ते एका प्रजातीचे. जिवाणू मीलन करतच नाहीत, एकाचे दोन होतात. म्हणून शास्त्रज्ञ बराच काळ लक्षणांवर विसंबून होते: हा हालचाल करतो का, युरिया फोडतो का, कोणता रोग करतो. मग डीएनएच मोजायची पद्धत आली. दोन जिवाणूंच्या डीएनएचे धागे सुटे करून एकत्र ठेवायचे आणि किती जुळतात ते बघायचं. साधारण ७० टक्के किंवा अधिक जुळले तर प्रजाती एक, असा संकेत पुढे रूढ झाला.

१९८० साली बेर्कोव्हिए आणि सहकाऱ्यांनी या दोन भावांवर हाच प्रयोग केला. जुळणी ७० टक्क्यांच्या कितीतरी वर निघाली. त्यांनी सरळ निष्कर्ष मांडला: प्रजाती एकच आहे, पेस्टिसला थोरल्याची उपप्रजाती म्हणा. मोजमापाच्या हिशेबात ते बरोबरच होते.

तरी १९८५ मध्ये जिवाणूंच्या नावांचे वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने ते नाव फेटाळलं. नावं देण्याच्या नियमांत एक तरतूद आहे: ज्या नावामुळे गोंधळ होऊन कुणाचं आरोग्य किंवा जीव धोक्यात येऊ शकतो, ते नाव रद्द करता येतं. विचार करा, रिपोर्टवर थोरल्याचं नाव ठळक आणि 'पेस्टिस' शेवटी. घाईत कुणी अर्धंच वाचलं, तर रुग्णाला वेगळं ठेवायचं राहून जाईल, नमुना हाताळणाऱ्यालाही धोका.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हजार ठिकाणांहून कॉल होणाऱ्या फंक्शनचं नाव आतल्या कोडशी जुळत नसलं, तरी आम्ही ते सहसा बदलत नाही, कारण त्या नावावर इतर लोक विसंबलेले असतात. आयोगाचा निर्णय मला म्हणूनच पटतो.

मात्र या वेगळ्या नावाआड एक गोष्ट झाकली जाते. १९९९ मध्ये मार्क ॲख्टमन यांच्या गटाने दाखवलं, की पेस्टिस ही थोरल्यातूनच, उत्क्रांतीच्या मानाने अगदी अलीकडे, फुटलेली शाखा आहे. तिने डीएनएची दोन छोटी वर्तुळं, म्हणजे प्लास्मिड, बाहेरून मिळवली. त्यांपैकी एकावरच्या जनुकामुळे जंतू पिसवेच्या पोटात तग धरू लागला. युरिया फोडणारं विकर थोरल्यात पिसवेला विषारी ठरतं, पेस्टिसमध्ये ते बंद पडलं. त्यामुळे जंतूची वाहक असलेली पिसू जगू लागली. असे मोजकेच बदल झाले आणि पोटदुखीच्या जंतूतून प्लेगचा जंतू आला.

म्हणून रिपोर्टवर नावं दोनच राहू देत. पण उद्याची साथ कुठून येईल हे शोधणाऱ्यांनी निरुपद्रवी दिसणाऱ्या भाऊबंदांवरही नजर ठेवायला हवी.