मढचा किल्ला आणि मुंबईची गोदी

मालाडहून मढच्या किनाऱ्यावर सहलीस जाणारी मंडळी समुद्र पाहून परततात. खाडीच्या मुखावरील लहानशा किल्ल्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु विद्या व साधनें यांतील चढाओढ राज्यांचें भवितव्य कसें ठरविते, हें जाणून घेण्यास आम्हांस तो फार उपयोगी वाटतो.

पोर्तुगीजांनीं बांधलेला हा किल्ला साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याचा पहारेकरी. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. तेथील बळकट तट फोडण्याचें काम मुख्यतः सुरुंगांनीं केलें. मुंबईकर इंग्रजांनीं वेढ्यांत पोर्तुगीजांस दारूगोळा पुरविला होता. आतां त्यांनीं चिमाजी आप्पांशीं तह केला आणि मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणावयास घेतला. त्यासाठीं व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये दिले.

पण इंग्रजांचें खरें बळ खंदकांत नसून गोदींत होतें. १७३६ सालीं सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस जहाजें बांधूं लागले. १७५० च्या सुमारास तेथें कोरडी गोदी झाली. पाणी काढून टाकून जहाजाचा तळ तेथेंच दुरुस्त होऊं लागला. इकडे आपण काय केलें? १७५६ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेऊन तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. तुळाजींचा उपद्रव खोटा नव्हता. परंतु विजयदुर्गास जळालें तें मराठ्यांचेंच आरमार होतें.

परिणाम दिसण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. १७७४ च्या अखेरीस, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याची वार्ता मुंबईस पोंचली. त्यांनीं घेण्यापूर्वीं आपणच घ्यावी, या हिशेबानें इंग्रजांनीं ठाणें काबीज केलें. मढचा किल्लाही गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहांत मराठ्यांस वसई परत मिळाली, साष्टी मिळाली नाहीं. पुढें मुंबईच्याच गोदींत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ सालीं चीनला नानकिंगचा मानहानिकारक तह स्वीकारावा लागला.

शौर्यांत आपण उणे नव्हतों. सुरुंगांनीं तट फोडतां आला. पण जिंकलेला किनारा राखावयास जहाजें, गोदी आणि कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या लागते. आज मार्व्यास भारतीय नौदलाचें ‘हमला’ ठाणें आहे. तेथून जातांना, नव्या आयुधांमागील विद्या आपल्या घरची किती आणि उसनी किती, हा प्रश्न आम्हांस पडल्यावांचून राहत नाहीं.